पानओव्याचं दुसरं बारसं कुणी सांगितलंय?

सरळ मुद्द्यावरच येते. दारातल्या कुंडीत वाढणाऱ्या पानओव्याला 'देशी ओरेगॅनो' म्हणणं बंद करा. आणि ज्याच्या पानांना पिवळी-सोनेरी कड असते, त्याला 'गोल्डन ओरेगॅनो' म्हणणं तर आधी बंद करा.

"एवढ्याशा पानावरून काय गं भांडतेस?" असं आमच्याकडे दोनतीन जणांनी विचारून झालंय. त्यात एक सांगलीची मामी आहे आणि एक पुण्याची भाची. म्हटलं, फोनवर तुटक तुटक बोलण्यापेक्षा इथे एकदाच सगळं लिहावं. नातेवाइकांनी वाचावं, आणि बाग करणाऱ्या, रांधणाऱ्या ब्लॉगर मंडळींनी जमलं तर भांडावं. भांडण मला चालतं. चुकीचं नाव चालत नाही.

तर हे नवं नाव हल्ली सगळीकडे दिसतं. साताऱ्यातल्या एका नर्सरीत (नाव कशाला घ्या) सोनेरी कडेच्या पानओव्याला काडीवर पाटी होती, 'गोल्डन ओरेगॅनो, दीडशे रुपये'. पाककृतीचे व्हिडिओ सांगतात की बाजारातला ओरेगॅनो महाग आहे, त्यापेक्षा ही पानं वाळवा, चुरा, झाला ओरेगॅनो तयार! आणि आमच्या घरच्या ग्रुपवर तर महिन्यातून एकदा तो निरोप फिरतोच, की ओरेगॅनो म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपल्या ओव्याची वाळलेली पानं आहेत, आणि कंपन्या आपल्याला मूर्ख बनवतात. खाली पंचवीस अंगठे. एकानेही दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहिलेली नाहीत.

मग आपणच ठेवू या शेजारी.

पहिला ओवा. मसाल्याच्या डब्यातला, भज्यात आणि पुऱ्यांत पडणारा. तो जिरं, धने, बडीशेप यांच्या घराण्यातला. त्याच्या झाडाची पानं शेपूसारखी बारीक, चिरलेली असतात. आपल्या कुंडीतल्या जाड पानाच्या झाडाला ओव्याचे दाणे कधीही लागत नाहीत, आज नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. "आमच्या ओव्याला अजून ओवा नाही धरला" असं मी आमच्याच नात्यात ऐकलंय, म्हणून मुद्दाम लिहिते.

दुसरा पानओवा. हा तुळस, पुदिना, सब्जा यांच्या घराण्यातला. पान जाड, रसरशीत, लवदार, कडेने बोथट दात्यांचं. काही ठिकाणी याला पाथरचूर म्हणतात, संस्कृतात पर्णयवानी.

तिसरा खरा ओरेगॅनो, म्हणजे पिझ्झ्यावरचा. तोही तुळशीच्याच घराण्यातला, म्हणजे पानओव्याचा लांबचा चुलतभाऊ. पण पान पातळ, छोटं, अंगठ्याच्या नखाएवढं.

आणि चौथा मेक्सिकन ओरेगॅनो. त्याचा या तिघांशी काही संबंध नाही. तो निघाला आपल्या डोंगरातल्या घाणेरीच्या, टणटणीच्या घराण्यातला!

मग वास एकसारखा का येतो? कारण साधं आहे. थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल नावाची दोन सुगंधी द्रव्यं आहेत, एकमेकांची जुळी भावंडंच म्हणा. ओव्याच्या दाण्यात थायमॉल भरपूर, ओरेगॅनोत बहुधा कार्व्हाक्रॉल जास्त, आणि पानओव्यात ही दोन्ही, कमीजास्त प्रमाणात. वास जुळतो तो या द्रव्यांमुळे. पण वास जुळला म्हणून नाव जुळत नाही. माझा आवाज फोनवर आईसारखा येतो, म्हणून कुणी मला आई म्हणत नाही.

आता 'देशी' या शब्दाकडे येऊ. गंमत अशी की खरा ओरेगॅनो देशी आहेच. तो हिमालयात काश्मीरपासून सिक्कीमपर्यंत रानात उगवतो. तीच जात, जी भूमध्य समुद्राकाठी उगवते आणि इटलीत-ग्रीसमध्ये खातात. म्हणजे 'देशी ओरेगॅनो' नावाची वस्तू भारतात आहे, आणि ती आपल्या कुंडीतली नाही! ज्यांना देशाभिमानाने ते नाव वापरायचंय, त्यांनी कुमाऊँच्या डोंगरातलं ते पान मागवावं आणि खुशाल अभिमानाने खावं.

'सोनेरी'ची भानगड याच्या पुढची. खऱ्या ओरेगॅनोची एक सोनेरी जात बागवाल्यांच्या जगात प्रसिद्ध आहे, 'ऑरियम' नावाची. बुटकी, जमिनीसरशी पसरणारी, सगळंच पान पिवळट-पोपटी. काही जातींच्या पानांना कडाही असतात. ही झाडं थंड हवेतली. दुपारच्या कडक उन्हात त्यांची पानं करपतात, आणि मुळाशी पाणी साचलं की कुजतात. सांगलीचा एप्रिल आणि साताऱ्याचा जुलै यांच्यामधून ती कशीबशीच निभावतात. आणि मुख्य म्हणजे चवीला ती ग्रीक ओरेगॅनोपेक्षा बरीच सौम्य असतात, शोभेलाच जास्त. म्हणजे नर्सरीतली पाटी समजा खरी असती, तरी पिझ्झ्याच्या आशेने घेणाऱ्याची निराशाच झाली असती. इथे तर पाटीही खोटी. पाटीखाली उभा होता आपला पानओवा, सोनेरी कड लावून, दीडशे रुपयांत.

"असेना का, झाड तर छान आहे ना?" आहे. फारच छान आहे. म्हणून तर राग येतो.

नाव म्हणजे नुसती पाटी नसते, वापरायची पद्धत असते. 'शेपू' म्हटलं की मुगाची डाळ आणि लसूण आठवतो. 'अळू' म्हटलं की चिंच आठवते, आणि घशाला खाज येऊ नये म्हणून घ्यायची काळजी आठवते. 'ओरेगॅनो' म्हटलं की काय आठवतं? वाळवणं आणि भुरभुरणं. बस. मग घरात ते झाड आलं की माणूस पानं वाळवायला घेतो. पानओव्याचं पान म्हणजे पाण्याची पिशवी. चार दिवस वाळत घातलं तर काळं पडतं, पावसाळ्यात बुरशी धरतं, आणि ओंजळभर पानांचा चिमूटभर चुरा हातात येतो. ओरेगॅनोचं पातळ पान वाळूनही वास धरून ठेवतं, हे पान नाही धरत. मग तो चुरा पिझ्झ्यावर टाकायचा, घरातल्या पोरांनी "हे त्याच्यासारखं नाही लागत" म्हणायचं, आणि झाडाची बदली स्वयंपाकघराच्या खिडकीतून गच्चीच्या कोपऱ्यात व्हायची. सोनेरी असेल तर दिवाणखान्यात, शोभेला. तिथून पुढे त्याचं पान कुणी खात नाही.

बदली कामगाराचं असंच असतं. त्याला दुसऱ्याच्या कामावर तोलतात, आणि दुसऱ्याचं काम दुसऱ्यालाच चांगलं जमतं.

आता खरी काळजी काय ते सांगते. पानओव्याची जुडी मी साताऱ्याच्या मंडईत कधी पाहिली नाही, सांगलीतही नाही. त्याला भाव नाही, पाकीट नाही, जाहिरात नाही. आपल्याकडे त्याला फुलं क्वचितच येतात, बी कुणी पेरत नाही. हे झाड एकाच रीतीने जगत आलंय. कुणीतरी फांदी मोडून देतं, आणि देताना दोन वाक्यं सांगतं. "पाणी बेताचं घाल गं, आणि पावसात ह्याची भजी कर. पोरांना सर्दी झाली की एक पान चहात टाक." फांदी आणि ही दोन वाक्यं, एवढीच त्याची पिढीजात इस्टेट. फांदी मोडून दिलेली असते, त्यामुळे तुमच्या दारातलं झाड हे खरं तर मामीच्या झाडाचाच तुकडा असतो, आणि मामीचं तिच्या सासूच्या झाडाचा. एकच झाड घराघरांतून चालत आलेलं!

नर्सरीतून पाटीसकट आलेल्या झाडाबरोबर ती दोन वाक्यं येत नाहीत. पुण्याच्या भाचीच्या बाल्कनीत सोनेरी पानओवा दीड वर्षं आहे, टपोरा, देखणा. तिने त्याचं एक पानही खाल्लेलं नाही. कारण तिच्या मते तो ओरेगॅनो आहे, आणि ओरेगॅनो तर पिझ्झ्याबरोबर पाकिटातून फुकट येतो. तिच्या आजीच्या दारात हेच झाड होतं आणि आजी त्याची भजी करायची, हे तिला मी सांगितल्यावर कळलं. नाव बदललं आणि आजी पुसली गेली. आता सांगा, एवढ्याशा पानावरून भांडू नको?

(पाकिटावरून आठवलं. त्या पाकिटावरची घटकांची बारीक यादी एकदा डोळे ताणून वाचा. यादीत वजनाने जास्त ते आधी असा नियम आहे. पुष्कळदा तिथे 'ओरेगॅनो सीझनिंग' लिहिलेलं असतं आणि आत मीठ, मिरची, लसूण अशी भरपूर मंडळी असतात. १९९६ मध्ये दिल्ली-बंगळूरला परदेशी साखळ्यांची पिझ्झ्याची पहिली दुकानं उघडली, आणि पुढच्या पिढीची 'ओरेगॅनो'ची चव या पाकिटावर ठरली. म्हणजे पानओव्याला आपण ज्याची नक्कल करायला लावतोय, ते बऱ्याचदा निखळ ओरेगॅनोही नाही!)

आता माझ्या विरुद्धचे मुद्दे. ते मला ऐकवून झालेत, आणि त्यात दम आहे.

पहिला मुद्दा मिरजेच्या आत्याचा. "पानओवा हे तरी कुठे त्याचं स्वतःचं नाव? तेही ओव्यावरूनच उसनं घेतलेलं." अगदी बरोबर, आत्या. पर्णयवानी म्हणजेही पानाचा ओवा. आणि त्या उसन्या नावाने काय झालं, ते वर लिहिलंच आहे. लोक अजून त्याला दाणे धरायची वाट बघतात. एकदा उसनं नाव घेतल्याचं एवढं नुकसान झालंय, मग दुसरं कशाला? शिवाय पानओवा हे नाव आता जुनं होऊन त्याच्या अंगाला बसलंय. पानओव्याची भजी करताना कुणी म्हणत नाही की ओवा नव्हता म्हणून हे वापरलं.

शेजाऱ्यांनी मात्र उसनवारी केलीच नाही. जतकडच्या आमच्या काकूच्या माहेरी कन्नड बोलतात. त्यांच्याकडे हे 'दोड्डपत्रे', म्हणजे मोठं पान. संपला विषय. तमिळमध्ये कर्पूरवल्ली, कापराच्या वासाची वेल. मल्याळममध्ये पनिकूर्क, आणि त्यातलं 'पनि' म्हणजे ताप. पान कसं दिसतं, वास कसा येतो, कशाला उपयोगी पडतं, हे पाहून ठेवलेली नावं.

इंग्रजीत बघा म्हणजे उलटा प्रकार कळेल. तिथे यालाच इंडियन बोरेज म्हणतात, मेक्सिकन मिंट म्हणतात, क्यूबन ओरेगॅनो म्हणतात आणि स्पॅनिश थाईमही म्हणतात. हे बोरेज नाही, पुदिना नाही, ओरेगॅनो नाही आणि थाईमही नाही. मेक्सिको, क्यूबा आणि स्पेन यांतला एकही देश त्याचं माहेर नाही. शास्त्रज्ञांची तऱ्हाही काही कमी नाही. १७९० मध्ये लोरेरो नावाच्या पोर्तुगीज मिशनऱ्याने त्याला इंडोनेशियातल्या अंबोन बेटावरून 'कोलियस अंबोइनिकस' म्हटलं. पुढे त्याला प्लेक्ट्रँथस या कुळात ढकललं, आणि २०१९ मध्ये पुन्हा कोलियसमध्ये आणून बसवलं. बिचाऱ्याला प्रत्येकाने आपल्या सोयीचं नाव दिलं. आपण त्या रांगेत कशाला उभं राहायचं?

दुसरा मुद्दा जास्त वजनाचा. फिलिपिन्समध्ये सगळा देश याच झाडाला ओरेगॅनो म्हणतो. पोर्टो रिकोत त्याला 'ओरेगॅनो ब्रूहो' म्हणतात, म्हणजे जादूगार ओरेगॅनो. मग आपण म्हटलं तर काय बिघडलं? फरक आहे. फिलिपिन्सवर १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनचं राज्य होतं, आणि त्या नावावर तिथे कित्येक पिढ्या गेल्या. आज तिथल्या आजीने 'ओरेगॅनो आण' म्हटलं तर नातवंडं बरोबर हेच जाड पान खुडून आणतात. तिथे ते नाव त्याच झाडाचं झालं. ते 'च्याऐवजी' राहिलं नाही. आपण 'देशी ओरेगॅनो' म्हणतो तेव्हा त्या 'देशी'चा अर्थ 'आपलं' असा नसतो, 'स्वस्तातलं' असा असतो. देशी फ्रिज, देशी जुगाड, तसला देशी. माझं भांडण त्या अर्थाशी आहे.

तिसरा मुद्दा आमच्या वहिनीचा. "अगं, ओरेगॅनो म्हटल्यावर पोरं निदान तोंडात तरी घालतात." घालतात ना, एकदा! आणि मग तुलना करून ताट सरकवतात. त्याच पोरांना पावसात गरम भजी द्या आणि नाव सांगूच नका. दुसऱ्या घाण्याला ती स्वतःच कुंडीकडे पळतील.

चौथा आरोप असा, की मी परदेशी पदार्थांच्या विरुद्ध आहे. छे! सातारा-सांगलीच्या माणसाला ते परवडायचंच नाही. मिरची, शेंगदाणा, बटाटा ही सगळी अमेरिका खंडातून आलेली मंडळी. ती वजा केली तर आपल्या ताटात काय उरेल? महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी परदेशीच. तिला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिला 'इंग्रजी करवंद' म्हणत आपण बसलो नाही. कोरेगावचा घेवडाही मूळ अमेरिकेकडचाच. त्याच्या दाण्यावरचे पट्टे बघून आपल्या लोकांनी त्याला वाघ्या घेवडा म्हटलं. 'देशी राजमा' नाही म्हटलं. २०१६ मध्ये त्यालाही मानांकन मिळालं, ते त्याच नावाने.

आणि सांगलीकरांनो, तुमचं द्राक्ष विसरू नका. थॉम्पसन सीडलेस ही बाहेरून आलेली जात. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या एका बागेत तिच्यातूनच वेगळा निघालेला वेल शेतकऱ्याच्या नजरेला आला. त्याने तो ओळखला, जपला, वाढवला. त्याचं नाव काय झालं? 'देशी थॉम्पसन'? नाही. टास-ए-गणेश! नावात तासगाव आलं आणि गणपतीही आला. त्या नावाने ती जात महाराष्ट्रभर गेली. वेगळं काही हाती लागलं की त्याला स्वतःचं नाव द्यायचं, ही आपल्याच भागातली रीत आहे.

सोनेरी पानओव्याची गोष्ट याच्या फार लांबची नाही. त्याची सोनेरी कड म्हणजे असाच एका फांदीत झालेला बदल. पानाच्या काही थरांमध्ये हिरवं द्रव्य तयार होत नाही, तिथे पिवळा-पांढरट पट्टा दिसतो. बाकी झाड तेच, वास तोच, आणि खायलाही तसंच चालतं. त्याला 'सोनेरी पानओवा' म्हणा. यापेक्षा जास्त डोकं चालवायची गरज नाही.

आता हा वाढवायचा कसा आणि खायचा कसा, तेही सांगते. नुसतं भांडून कुणाचं पोट भरत नाही.

फांदी चार बोटं लांब घ्या, दोनतीन पेरांची. खालची पानं काढा. लावण्याआधी एक दिवस सावलीत तशीच ठेवा, म्हणजे कापलेली जागा सुकते आणि कुजत नाही. माती भुसभुशीत हवी. आमच्याकडची काळी माती एकटी वापरू नका, ती पाणी धरून बसते. तांबडी माती, जाड वाळू आणि थोडं गांडूळखत असं मिश्रण करा. वरची बोटभर माती कोरडी लागली तरच पाणी घाला. सकाळचं ऊन भरपूर द्या, पण सांगलीच्या उन्हाळ्यात दुपारची सावली हवीच, नाहीतर पानं बारकी आणि राठ होतात. साताऱ्यात, आणि मेढा-महाबळेश्वरकडे तर नक्कीच, जूनपासून कुंडी पडवीत घ्या. पागोळ्यांखाली ठेवलीत तर आठवड्यात देठ काळा पडेल. शेंडे खुडत राहा. खुडलं नाही तर झाड उंच काटकुळं होतं, खुडलं तर बाजूने फुटतं. म्हणजे खाल्लं तरच वाढतं!

सोनेरीला दोन गोष्टी जास्त सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे तो हिरव्यापेक्षा सावकाश वाढतो. हिरवा भाग कमी, म्हणजे अन्न तयार करायची जागाच कमी. दुसरं म्हणजे मधूनच एखादी सगळी हिरवी फांदी फुटते. ती दणादण वाढते आणि वर्षभरात सोनेरीला झाकून टाकते. ती दिसली की बुडापासून काढा आणि दुसऱ्या कुंडीत लावा, वाया जात नाही. उलट एखादी फांदी सगळीच पिवळी-पांढरी फुटली, तर ती वेगळी लावू नका, जगत नाही.

नर्सरीतून आणलेलं झाड लगेच खाऊ नका. शोभेच्या रोपांवर औषधं मारलेली असतात. चारसहा आठवडे जाऊ द्या आणि नवी पालवीच खा. आणि आणण्याआधी पान चुरगळून वास घ्या. जाड किंवा कडेचं पान असणारी बरीच शोभेची झाडं नर्सरीत असतात. पानफुटीही काही जण याच्याच नावाने खपवतात. ओव्याचा वास आला तर आणा, नाही आला तर राहू द्या.

आता स्वयंपाक. भजी सगळ्यांना माहीत आहेत, तरी दोन गोष्टी सांगते. पानं धुऊन पुसून अगदी कोरडी करा. ओल्या पानावर पीठ धरत नाही आणि तेल उडतं. डाळीच्या पिठात थोडी तांदळाची पिठी, हळद, मीठ, तिखट आणि कडकडीत तेलाचं मोहन घाला. ओवा अजिबात घालू नका. पानातच आहे ना तो! पीठ मध्यम दाट ठेवा, आच मध्यम ठेवा, आणि पान देठाला धरून अलगद सोडा. सोनेरी पानाचा रंग तळल्यावर दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवते. शोभेसाठी तळायचं असेल तर गच्चीत जाऊन बघत बसा. :)

चटणी. आठदहा पानं थोड्या तेलावर मऊ होईपर्यंत परता. कच्ची ठेवू नका, जिभेला चुरचुरतात. दोन चमचे हरभऱ्याची डाळ, दोन सुक्या मिरच्या आणि मूठभर शेंगदाणे वेगळे भाजा. बोराएवढी चिंच, मीठ, चवीपुरता गूळ घालून वाटा. वरून हिंग-मोहरीची फोडणी. ज्वारीच्या भाकरीशी खा आणि मग मला ओरेगॅनो ऐकवा.

तंबळी ही जतच्या काकूची, म्हणजे मूळची कर्नाटकातली. पाचसहा पानं तुपात जिरं आणि चार मिऱ्यांबरोबर परतायची, ओल्या खोबऱ्याबरोबर बारीक वाटायची आणि ताकात कालवायची. वरून साधी फोडणी. गरम करायची नाही. उन्हाळ्यात भाताबरोबर हिच्यासारखं काही नाही.

थालीपिठात दोनच पानं बारीक चिरून. उडदाच्या घुट्याच्या फोडणीत लसणीबरोबर एक पान फाडून. एका वेळेला एवढंच. हे पान दांडगं आहे, जास्त घातलंत तर बाकी कशाचीच चव उरत नाही. आणि तान्ह्या बाळांना याचा रस वगैरे पाजू नका. डॉक्टर कशाला असतात?

पिझ्झ्यावर चालतं का? चालतं, पण त्याच्या पद्धतीने. टोमॅटोचा रस्सा शिजवताना सुरुवातीलाच तेलात एक पान बारीक चिरून परता. वरून भुरभुरायला मात्र खरा ओरेगॅनोच आणा, सरळ दुकानातून, त्याच्याच नावाने. त्याचाही मान आहे. एकाला दुसऱ्याची नक्कल म्हटलं की दोघांचाही अपमान होतो.

तर मागणी फार मोठी नाही. ज्यांच्या दारात हे झाड आहे त्यांनी आज कुंडीवर खडूने, रंगाने, कशानेही 'पानओवा' असं लिहा. सोनेरी असेल तर 'सोनेरी पानओवा'. नर्सरीवाल्याला हसत हसत पाटी बदलायला सांगा. ग्रुपवर तो निरोप पुन्हा आला की हे लिहिलेलं तिथे चिकटवा. आणि कुणी फांदी मागितली तर नुसती फांदी देऊ नका, ती दोन वाक्यंही द्या.

माझ्याकडे हिरव्याच्या सहा आणि सोनेरीच्या तीन फांद्या मुळं धरून तयार आहेत. सातारा-सांगली रस्त्यावर कुठेही पोचवीन. एकच अट आहे, मागताना नाव बरोबर घ्यायचं.